ईश्वरानुमानाची चिकित्सा : धर्मकीर्ती ते रामानुज

प्रस्तावना

ईश्वराचे अस्तित्व तर्काने सिद्ध होते काय, हा प्रश्न आधुनिक पाश्चात्त्य विचाराने प्रथम उपस्थित केला, असा समज आपल्याकडे बराच रूढ आहे. डेव्हिड ह्यूम याचे नैसर्गिक धर्माविषयीचे संवाद त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १७७९ मध्ये प्रसिद्ध झाले, याचा दाखला त्यासाठी दिला जातो. असा प्रश्न विचारणारा नास्तिकच असला पाहिजे, हा दुसरा समज. भारतीय दर्शनांच्या इतिहासाच्या आधारे या दोन्ही समजांची तपासणी करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

नैयायिकांचे अनुमान

घट हे कार्य आहे आणि त्याला कुंभार हा कर्ता असतो. पृथ्वी, अंकुर इत्यादीही कार्येच आहेत. म्हणून त्यांनाही बुद्धिमान कर्ता असलाच पाहिजे. उद्द्योतकरापासून उदयनापर्यंतच्या नैयायिकांच्या युक्तिवादाचा हा गाभा होय. उदयनाने 'न्यायकुसुमांजली'च्या पाच स्तबकांत प्रतिपक्षाचे आक्षेप खोडून काढले आणि ईश्वरसिद्धीचे अनेक हेतू मांडले.

बौद्ध व मीमांसक आक्षेप

सातव्या शतकाच्या सुमारास धर्मकीर्तीने 'प्रमाणवार्तिका'त या अनुमानाच्या मर्मावर बोट ठेवले. घटाची रचना आणि पर्वताची रचना यांना एकच शब्द लावल्याने त्या वस्तू एकजातीय ठरत नाहीत. केवळ मातीचा विकार एवढ्यावरून कर्ता ठरवायचा, तर वारूळही कुंभारानेच घडविले असे म्हणण्याची पाळी येईल. अकराव्या शतकात विक्रमशीलेच्या रत्नकीर्तीने 'ईश्वरसाधनदूषण' हा स्वतंत्र ग्रंथ लिहून, कार्यत्व आणि बुद्धिमान कर्ता यांतील व्याप्तीच निश्चित करता येत नाही, असे दाखविले. राहुल सांकृत्यायन यांना तिबेटात मिळालेल्या हस्तलिखितामुळे रत्नकीर्तीचे निबंध पुन्हा अभ्यासकांच्या हाती आले.

वेदप्रामाण्य मानणाऱ्या कुमारिल भट्टाचे आक्षेपही तितकेच कठोर आहेत. 'श्लोकवार्तिका'त तो विचारतो की, स्रष्ट्याला शरीर नसेल तर त्याला सृष्टीची इच्छा कशी होणार, आणि शरीर असेल तर ते कोणी निर्माण केले? करुणेने सृष्टी केली म्हणावे, तर सृष्टीपूर्वी करुणेस पात्र असे जीवच नव्हते. शिवाय करुणावंताने सुखमय जगच निर्माण केले असते.

रामानुजाची भूमिका

या इतिहासातील सर्वांत उद्बोधक साक्ष रामानुजाची आहे. तो विष्णुभक्त, ईश्वराविषयी त्याच्या मनात लवमात्र शंका नाही. तरीही ब्रह्मसूत्रांतील 'शास्त्रयोनित्वात्' या सूत्रावरील 'श्रीभाष्या'त तो नैयायिकांचे अनुमान निकालात काढतो. पृथ्वी, समुद्र इत्यादी सर्व एकाच वेळी, एकाच कर्त्याने निर्माण केले यास प्रमाण काय? रथ, प्रासाद यांसारखी कार्ये अनेकांच्या हातून होतात. तसेच, व्यवहारात दिसणारा कर्ता शरीरधारी असतो. दृष्टांत प्रामाणिकपणे लावला, तर सिद्ध होणारा कर्ताही तसाच मर्यादित ठरेल. म्हणून ब्रह्म केवळ शास्त्रानेच ज्ञात होते, हा त्याचा निर्णय.

हेतूंमधील भेद

आक्षेप मिळतेजुळते असले, तरी त्यांमागील हेतू एक नव्हते. बौद्धांना नित्य कर्ताच मान्य नव्हता. कुमारिलाला वेदांचे अपौरुषेयत्व राखायचे होते. त्यासाठी वेदकर्ता ईश्वर अडचणीचा होता. रामानुजाला शास्त्राचे स्थान अबाधित ठेवायचे होते. त्यामुळे या विचारवंतांना सरसकट संशयवादी म्हणणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. कुमारिल व रामानुज यांनी अनुमानास लावलेली कसोटी शास्त्रास त्याच कठोरपणे लावली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

निष्कर्ष

युक्तिवाद सदोष ठरला म्हणून त्याचा निष्कर्ष असत्य ठरत नाही, आणि निष्कर्ष प्रिय आहे म्हणून युक्तिवाद निर्दोष होत नाही. हा विवेक आपल्या परंपरेत ह्यूमच्या कितीतरी आधी रुजलेला होता. श्रद्धेच्या समर्थनार्थ मांडलेल्या तर्काची चिकित्सा केली की श्रद्धेवर आघात झाला, असे आज मानणाऱ्यांनी रामानुजाचे भाष्य अवश्य पाहावे. दुबळ्या आधारावर आपले दैवत उभे करणे या भक्ताने नाकारले. आणि त्याने त्याची भक्ती उणावली नाही.