वारणाकाठची खुब्याची दुखणी
खुबा दुखू लागला की सांधा झिजला असे लोक धरून चालतात. पण दुखणे खुब्याच्या बाहेरच्या बाजूला किंवा बसण्याच्या हाडापाशी असेल, तर सांधा पुष्कळदा शाबूत असतो. बिघाड असतो तो स्नायूंत, त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरांत किंवा घर्षण टाळणाऱ्या द्रवाच्या चपट्या पिशव्यांत, म्हणजे बर्सांत. कोल्हापूर जिल्ह्यात ही दुखणी धंद्यामागून आली.

शाहू महाराजांच्या आश्रयाने तालमी गजबजल्या. १९१२ मध्ये कोल्हापुरात कुस्त्यांचे खासबाग मैदान खुले झाले. कुस्तीत टांग मारताना पाय फाकला की जांघेतले स्नायू ताणले जातात. त्यावर इलाज वस्तादाच्या हाती असे: तेल लावून रगडणे, शेकणे आणि उतार पडला की मोजक्या बैठकांपासून पुन्हा सुरुवात. यातले शेवटचे कलम सर्वांत शहाणपणाचे होते, पण नाव मात्र रगडणाऱ्याचे झाले. वारणानगरातही तिथल्या सहकारी कारखान्याचे संस्थापक तात्यासाहेब कोरे यांच्या पुण्यतिथीला, १३ डिसेंबरला, कुस्त्यांचे मोठे मैदान भरते.

इचलकरंजीच्या विणकरांचे दुखणे वेगळे. खड्डामागाच्या काठावर दिवसभर बसून, पाय खाली सोडून काम चाले. सगळा भार बसण्याच्या हाडांवर येई आणि तिथला बर्सा सुजे. ब्रिटनमध्येही हा विणकरांचाच आजार म्हणून ओळखला जाई. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. पुढे यंत्रमाग पसरले तसा विणकर बैठकीवरून उठून उभा राहिला. कोणत्याही लेपाने झाला नसता एवढा फरक त्याने पडला असावा.

वारणा खोऱ्यात सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊस वाढला, तशी तोडणीही वाढली. तोडकरी कमरेत वाकून बुडख्याशी कोयता घालतो. या वाकण्याने मांडीच्या मागच्या स्नायूंची कंडरा बसण्याच्या हाडावर ताणली आणि दाबली जाते. त्यानंतर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचे. तेव्हा प्रत्येक पावलाला एकाच खुब्याच्या बाहेरच्या स्नायूंना सारा भार तोलावा लागतो.

गावात यावर निर्गुडीचा शेक, आंबेहळदीचा लेप, बिब्बा असे उपाय चालत. चमक भरली तर पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेल्या, माणसाचा पाय लावून घेत. तापल्या सळईचा डागही देत. अग्निकर्म सुश्रुतसंहितेतही आहे. शेकाने आराम पडे. डागाने मात्र मूळ दुखण्यावर जखमेची भर पडे.

१९४९ मध्ये कॉर्टिझोनचा गुण जगापुढे आला आणि थोड्याच वर्षांत स्टेरॉइडची सुई सुजलेल्या जागी टोचली जाऊ लागली. बाहेरच्या बाजूच्या दुखण्याला सरसकट बर्साची सूज म्हटले जाई. एमआरआय आल्यावर दिसले की दोष बहुधा नितंबाच्या स्नायूंच्या कंडरांत आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, याच दुखण्यावरच्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत आठ आठवड्यांनी व्यायाम व मार्गदर्शन मिळालेल्यांपैकी सुमारे ७७ टक्क्यांना, तर सुई घेतलेल्यांपैकी ५८ टक्क्यांना बरे वाटले.

आज फिजिओथेरपिस्ट दुखऱ्या कुशीवर झोपू नका, एका पायावर भार टाकून उभे राहू नका, असे सांगतात आणि व्यायाम हळूहळू वाढवत नेतात. पैलवानाला हे जमते. टनावर मजुरी घेणाऱ्या तोडकऱ्याला मात्र कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, थांबावे लागते.