एका दिवसाच्या वाऱ्यावर वसलेली बंदरं

हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड. नकाशावर पाहिलं तर शेजारच्या दोन बंदरांत साधारण 20 ते 50 किलोमीटरचं अंतर भरतं, म्हणजे शिडाच्या मचव्याचा एका दिवसाचा पल्ला. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की कोकणात वाऱ्याचं वेळापत्रक ठरतं: पहाटे जमिनीकडून मतलई, दुपारपासून वायव्येचा खारा वारा. दक्षिणेला जाणाऱ्याला दोन्ही सोयीचे. मुंबईकडे निघालेल्या तांडेलाला मात्र रात्रीच नांगर उचलून मतलईवर जमेल तितकं अंतर कापावं लागे आणि समोरून वारा चढला की जवळची खाडी गाठावी लागे. अशी खाडी हाताशी नसती, तर नारळ-तांदळाचा किफायतशीर व्यापार कसा चालला असता?

यावर कोणी म्हणेल, खाड्या निसर्गाने दिल्या, त्यात माणसाचं काय? खरं आहे, पण प्रत्येक खाडीच्या मुखाशी बंदर झालं नाही. अनेक ठिकाणी मुखातल्या वाळूच्या दांड्यावरून भरतीलाच आत शिरता येतं, म्हणून आडोसा, पाणी आणि वेळ तिन्ही जुळले तिथेच वस्ती वाढली. ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासवर्णनाचा ग्रीक लेखकही पहिल्या शतकात चौल बंदराच्या दक्षिणेला बंदरांची ओळीने नावं देतो. पुढे कोकणातली ही बंदरं मागे पडली; त्या ऱ्हासाचं खापर गाळावर फोडणं मला अपुरं वाटतं. आगबोटीला वाऱ्याची वाट पाहायची नव्हती, तिला दर दिवसाच्या पल्ल्यावर आडोसा शोधण्याची गरज उरली नाही. उरलेलं काम रस्त्याने केलं.