ख्रिस्तपुराण आणि १६८४ चा हुकूम

ख्रिस्ती मनुष्य या देशाचा खरोखर किती, हा प्रश्न आपल्या धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना आजही ऐकावा लागतो. उत्तरादाखल आपण फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव घेतो. पण पुढची हकीकत सोयीस्करपणे गाळतो.

हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले व १६१९ साली निवर्तले. सेवा मुख्यतः साष्टीत. ‘ख्रिस्तपुराण’ जन्मले ते धर्मशिक्षणाच्या वर्गात. जुनी पुराणे आम्हांस मना केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही, असे एका श्रोत्याने विचारल्याचे स्टीफन्स ग्रंथारंभीच सांगतात. (असा प्रश्न विचारू देणारा वर्ग आपण आज चालवतो काय?) १६१६ साली राशोल येथे ग्रंथ छापून निघाला. देवनागरी टंकांअभावी लिपी रोमन, पण ओवी अस्सल मराठी.

पुढे १६८४ साली व्हाइसरॉयने हुकूम काढला : तीन वर्षांत सर्वांनी देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. यामागे फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचा आग्रह होता. परकेपणा आपल्यावर लादला गेला असे आपण म्हणतो. येथे तर तो आपल्याच वेदीजवळून मागितला गेला.

जुन्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तगला तो हुकुमाच्या हद्दीपलीकडे. गोवा सोडून दक्षिण कानड्यात स्थायिक झालेल्या कोकणीभाषक कुटुंबांनी हस्तलिखित नकला जपल्या, आणि त्यांच्याच आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला.