मधमाश्यांची भाषा आणि मोठ्यांचं भांडण

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.)

जॉर्जिया म्हटलं की आपल्याकडे हल्ली एकच गोष्ट आठवते, एमबीबीएस. तालुक्याच्या गावातली मुलंसुद्धा तिबिलिसीला डॉक्टर व्हायला गेलीत. आईबाप फी भरतात, व्हिडिओ कॉलवर बर्फ बघतात. पण हा देश नेमका कसा, तिथे काय चाललंय, हे फारसं कुणी विचारत नाही. आज त्या देशाची गोष्ट सांगतो, आणि ती सांगणार आहे लहान मुलांच्या गाण्यांतून.

आधी थोडी ओळख. अमेरिकेतलं जॉर्जिया नव्हे, हा काळ्या समुद्राकाठचा देश. स्टॅलिनचा जन्म इथल्याच गोरी गावातला. लोकसंख्या साधारण ३७ लाख, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याएवढी. पण गाण्यात ही माणसं भारी. आपल्या भजनात एक जण म्हणतो आणि बाकीचे तेच मागून म्हणतात. त्यांच्याकडे एकाच वेळी तीन आवाज तीन वेगळ्या चालींनी जातात आणि तरी एकमेकांत बसतात. युनेस्कोने २००१ मध्ये या गायकीला मानवजातीचा वारसा म्हटलं. १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर पृथ्वीवरच्या संगीताची सोनेरी तबकडी अंतराळात गेली, त्यात आपल्या केसरबाई केरकर आहेत हे तुम्हाला माहीत असेल. त्याच तबकडीवर जॉर्जियाचं ‘चाकरुलो’ हे लोकगीतही आहे.

आता स्पर्धेबद्दल. युरोपात १९५६ पासून ‘युरोव्हिजन’ नावाची गाण्याची स्पर्धा चालते. प्रत्येक देश एक गाणं पाठवतो, मग सगळे एकमेकांना गुण देतात. सगळ्यात आवडलेल्या गाण्याला १२ गुण. २००३ पासून तिचीच लहान मुलांची आवृत्ती सुरू झाली, ज्युनिअर युरोव्हिजन. सध्या ९ ते १४ वयाची मुलं त्यात गातात. जॉर्जिया दोन्हीकडे २००७ मध्ये उतरला. मोठ्यांच्या स्पर्धेत तो आजवर एकदाही जिंकलेला नाही, नवव्या क्रमांकाच्या वर गेलेला नाही. लहान मुलांनी मात्र चार वेळा ट्रॉफी घरी नेली.

त्यातली पहिली वेळ सांगण्यासारखी आहे.

ऑगस्ट २००८ आठवा. बीजिंग ऑलिम्पिक चालू होतं, अभिनव बिंद्राला ११ तारखेला सुवर्ण मिळालं. आपण पेढे वाटत होतो त्याच दिवसांत रशिया आणि जॉर्जियाचं युद्ध पेटलं होतं. पाच दिवसांचं युद्ध. गोरीवर बॉम्ब पडले, रशियन फौज शहरात शिरली. सुरुवात कुणी केली यावर आजही वाद घालतात. युरोपीय संघाच्या चौकशीने जॉर्जियाच्या तोफांनी सुरुवात झाली असं म्हटलं, पण रशियालाही सोडलं नाही. शेवट काय झाला? अबखाझिया आणि दक्षिण ओसेशिया हे दोन प्रदेश, म्हणजे देशाचा जवळपास पाचवा हिस्सा, जॉर्जियाच्या हातून गेला. तो अजून परत आलेला नाही.

२००९ ची मोठ्यांची युरोव्हिजन मॉस्कोत होणार होती. जॉर्जियाने ऑगस्टमध्येच सांगून टाकलं, आम्ही येणार नाही. आणि यायचं तरी कशाला!

पण नोव्हेंबरात मुलांची स्पर्धा होती. २२ नोव्हेंबर २००८, सायप्रसमधलं लिमासोल शहर. जॉर्जियाकडून तीन चिमुरडे स्टेजवर आले, काळ्यापिवळ्या वेषात. गटाचं नाव ‘ब्झिकेबी’, म्हणजे गांधीलमाश्या. गाण्याचं नाव ‘ब्झ्झ’. आणि भाषा? कुठलीच नाही. मधमाशीची कल्पित भाषा, नुसती गुणगुण. जॉर्जियन नाही, रशियन नाही, इंग्रजी नाही. १५ देशांत हे गाणं १५४ गुणांनी पहिलं आलं.

त्यात रशियाने जॉर्जियाला किती गुण दिले माहितीये? १२. पूर्ण बारा.

तीन महिन्यांपूर्वी ज्या देशाचे रणगाडे तुमच्या गावात होते, त्याच देशातून तुमच्या पोरांच्या गाण्याला सगळ्यात जास्त गुण. आपल्याकडे या बातमीकडे कुणाचं लक्ष जाणं शक्यच नव्हतं, चारच दिवसांनी मुंबईवर हल्ला झाला. पण तिबिलिसीत त्या बारा गुणांनी खरंच काहीतरी हललं. मॉस्कोला न जाण्याचा निर्णय बदलला, आणि तो बदलण्यामागे ही मुलांची जीत आणि हे १२ गुण होते.

आता इथे गोष्ट संपली असती तर शाळेच्या स्नेहसंमेलनात सांगण्यासारखी झाली असती. पण पुढे मोठी माणसं आली.

मॉस्कोसाठी जॉर्जियाने जे गाणं निवडलं त्याचं नाव ‘वी डोन्ट वॉना पुट इन’. मोठ्याने म्हणून बघा. पुट इन, पुतिन. खोडी काढायची म्हणूनच निवडलेलं. आयोजकांनी सांगितलं, राजकारण चालणार नाही, शब्द बदला नाहीतर दुसरं गाणं द्या. जॉर्जियाने दोन्ही नाकारलं आणि मार्च २००९ मध्ये माघार घेतली. म्हणजे मुलांनी उघडलेलं दार मोठ्यांनी चार महिन्यांत लावूनही टाकलं. दोष एकट्या जॉर्जियाला देऊ नका हं. ज्याची जमीन गेली तो चिडणारच. पण झालं ते असं झालं.

मुलं मात्र गात राहिली. २०११ मध्ये येरेवानला ‘कँडी’ नावाच्या मुलींच्या गटाने जिंकलं. २०१६ ला माल्टात मरियम ममादाश्विलीने ‘म्झेओ’ गाऊन जिंकलं आणि २०१७ ची स्पर्धा तिबिलिसीत आली. घरचं मैदान, घरची माणसं. जॉर्जियाचा ग्रिगोल किपशिद्झे १८५ गुणांवर पोचला. जिंकलं कोण? १८८ गुण घेऊन रशियाची पोलिना बोगुसेविच. तीन गुणांनी हार, स्वतःच्या राजधानीत, आणि तीही कुणाकडून! क्रिकेटमध्ये असं काही झालं की आपल्याकडे टीव्ही फुटतात. इथे एका मुलीने ट्रॉफी उचलली आणि स्पर्धा संपली.

आता चौथी वेळ. १६ नोव्हेंबर २०२४, माद्रिद. आंद्रिया पुतकाराद्झे नावाच्या मुलाने आईसाठीचं गाणं म्हटलं आणि जॉर्जिया चार विजेतेपदं मिळवणारा पहिला देश झाला. (२०२५ मध्ये फ्रान्सनेही चार केली.) अभिमान वाटावा असा दिवस. पण देशात तेव्हा काय चाललं होतं? ऑक्टोबरच्या निवडणुकीत घोटाळा झाला म्हणून विरोधक रस्त्यावर होते. आणि माद्रिदच्या विजयाला दोन आठवडेही झाले नव्हते तोच, २८ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी जाहीर केलं की युरोपीय संघात जाण्याची बोलणी २०२८ अखेरपर्यंत विषयपत्रिकेवर घेणार नाही. त्या रात्री लोक संसदेसमोर रुस्तावेली रस्त्यावर जमले. पाण्याचे फवारे, अश्रुधूर, धरपकड, सगळं झालं. वर्ष उलटलं तरी लोक रोज संध्याकाळी तिथे येतच होते.

म्हणजे बघा, ज्या युरोपने यांच्या पोराला डोक्यावर घेतलं, त्याच युरोपच्या दाराकडे सरकारने पाठ फिरवली.

१३ डिसेंबर २०२५ ला मुलांची स्पर्धा पुन्हा तिबिलिसीत झाली. दिवे, रंग, नाच, सगळं झकास. रशिया नव्हता, युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ पासून तो बाहेरच आहे. आणि त्याच देशात म्झिया अमाग्लोबेली ही पत्रकार तुरुंगात होती. काळ्या समुद्राकाठच्या बातुमी शहरात तिने ‘बातुमेलेबी’ हे वृत्तपत्र काढलं. आंदोलनात एका पोलीस अधिकाऱ्याला थोबाडीत मारली म्हणून दोन वर्षांची शिक्षा. स्पर्धेनंतर तीनच दिवसांनी युरोपीय संसदेने तिला साखारोव्ह पुरस्कार दिला, तोही तिच्या गैरहजेरीत. राजधानीपासून लांब राहून पेपर चालवणं म्हणजे काय, हे माझ्यासारख्याला वेगळं सांगायला नको. तिची बातमी वाचून मी बराच वेळ नुसता बसून होतो.

कुणी म्हणेल, मग ही स्पर्धा म्हणजे सरकारची रंगरंगोटीच की. मला तसं वाटत नाही. रंगरंगोटी करणारे करतात, कुठलंही सरकार करतं. जिंकलेल्या मुलासोबत फोटो काढायला सगळे पुढे. पण मुलगा गातो ते खरंच असतं. लिमासोलची ती गुणगुण खरी होती, ते बारा गुणही खरे होते. त्यांचं पुढे काय करायचं हे मोठ्यांच्या हातात होतं, आणि त्यांनी काय केलं ते वर लिहिलंच आहे.

तिबिलिसीच्या त्या स्टेजवर २०२५ मध्ये गाणारं एकही मूल २००८ च्या युद्धाच्या वेळी जन्मलेलं नव्हतं. त्यांना तो हिशेब कुणीतरी शिकवणार, घरी, शाळेत, टीव्हीवर. आपल्याकडेही शिकवतातच.

ज्यांची मुलं तिकडे शिकताहेत त्यांनी पुढच्या कॉलवर फी आणि हवा झाली की एवढं विचारा, रुस्तावेलीवर अजून लोक येतात का रे? काय म्हणतात ते खाली कमेंटमध्ये लिहा. मला वाचायचंय.