नेमलेल्यांचा हक्क: एका जर्मन शब्दाची कुळकथा

कंपनी आपल्याच कामगारांना जे समभाग देते, त्यांना जर्मन भाषेत ‘बेलेगशाफ्ट्सआक्त्सिये’ म्हणतात. पूर्वपद ‘बेलेगशाफ्ट’ मूळचे खाणीतले, म्हणजे खाणीवर नेमलेली मंडळी. उत्तरपद डचमार्गे लॅटिन ‘आक्तिओ’कडून आले, त्याचा एक अर्थ न्यायालयातील दावा. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या भागांना हे नाव चिकटले. एकूण अर्थ, नेमलेल्यांचा दावा!

मराठीत असा जोडशब्द घडला नाही. दावा मात्र प्रत्यक्ष मांडला गेला. मुंबईतील कुर्ल्याचा कमानी ट्यूब्ज कारखाना बंद पडल्यावर कामगारांनी तो स्वतःच चालवावयास मागितला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८८ मध्ये योजना मंजूर झाली आणि मालकी कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आली. जर्मनीत बहुधा मालक देतो तो थोडका वाटा. इथे कामगारांनी अख्खा कारखानाच मागून घेतला.