मुक्तता मात्रा

एखाद्या संहतीची स्थिती, किंवा आकड्यांचा एखादा संच, पूर्ण सांगण्यासाठी जितक्या राशी एकमेकींवर अवलंबून न राहता ठरवाव्या लागतात, तितकी तिची मुक्तता मात्रा. वर्गात मात्र ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ हेच नाव अधिक ऐकू येते. भौतिकी व संख्याशास्त्र दोन्हींत हिशेब एकच आहे: एकूण राशींतून बंधने वजा करायची.

भौतिकीतली बाजू गोंदियात सहज दिसते. हावडा–मुंबई मार्गावरच्या या जंक्शनात रुळांवर उभ्या वाघिणीचे ठिकाण एका अंतराने कळते, म्हणून तिची मात्रा १. नवेगावबांधच्या तलावातल्या नावेला २ अंतरे आणि नाकाची दिशा लागते, मात्रा ३. उडता सारस हा ताठ पदार्थ मानला (तो तसा नसतोच), तर त्याला ३ सरकण्याच्या आणि ३ वळण्याच्या अशा ६. वायूच्या रेणूंनाही हाच नियम आहे. एकाणू रेणूला ३ आणि द्विअणू रेणूला सामान्य तापमानाला ५ मात्रा असल्याने त्यांच्या दोन विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर अनुक्रमे १.६७ व १.४० येते. मात्र हायड्रोजन फार थंड केला की ३ मात्रा असल्यासारखा वागतो. दोन गोठलेल्या मात्रांचे हे कोडे अभिजात भौतिकीला सुटले नाही. ते पुंज यांत्रिकीने सोडवले.

संख्याशास्त्रात बंधन बहुधा आपणच घालतो. धानाच्या पीक कापणी प्रयोगात ५ सारख्या प्लॉटांतून १८, २१, १९, २४ आणि १८ किलो धान निघाले असे समजू (आकडे कल्पित). सरासरी २०. ती एकदा काढली की पहिली ४ वजने सांगताच पाचवे आपोआप ठरते. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज २६ येते. तिला ५ ने नव्हे, ४ ने भागायचे, म्हणजे प्रचरण ६.५. इथे ५ ने भागले तर पिकातला चढउतार आहे त्याहून कमी दिसतो. आयर्लंडमधील गिनेस मद्यनिर्मितीगृहातले विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लहान नमुन्यांचे वितरण मांडले. त्यानुसार ४ मात्रांना ९५ टक्के विश्वासासाठी सरासरीच्या प्रमाण त्रुटीचा (प्रचरणाला ५ ने भागून काढलेल्या वर्गमुळाचा) गुणक २.७८ येतो, मोठ्या नमुन्याचा १.९६ नव्हे. त्यामुळे वरची सरासरी २० ± २.२ नव्हे, २० ± ३.२ किलो अशी लिहावी लागते.

ही संकल्पना थोरांनाही चकवून गेली. कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये काय-वर्ग कसोटी दिली. पण दोन ओळी-दोन स्तंभांच्या तक्त्याला त्यांच्या रीतीने ३ मात्रा येत. रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये ती १ असल्याचे दाखवले, कारण ओळींच्या व स्तंभांच्या बेरजा आधीच ठरलेल्या असतात. पिअर्सन यांना ते पटले नाही, पण बरोबर फिशरच होते. हाच नियम मोठ्या तक्त्यालाही लागतो. गोंदिया जिल्ह्यात ८ तालुके आहेत. तालुक्यागणिक रोवणी (रोपे लावून) आणि आवत्या (थेट बी टाकून) करणारे धान शेतकरी असा तक्ता केला तर घरे १६ होतात, पण मात्रा फक्त ७.

सूत्राने मात्रा मिळते, स्वातंत्र्य मिळत नाही. एकाच पाटाच्या पाण्यावरच्या, एकाच बियाण्याच्या, शेजारशेजारच्या ५ बांध्या (धानाची खाचरे) मोजल्या तर उत्तर ४ च येईल, पण बांध्या स्वतंत्र नसल्याने तो ४ फसवा. म्हणूनच पीक कापणी प्रयोगात गाव, शेत आणि शेतातल्या प्लॉटची जागा यदृच्छेने निवडतात. ही पद्धत भारतात रुजवण्यात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–९७) यांचा मोठा वाटा आहे. प्लॉट कसे निवडले हे न सांगता केवळ त्यांची संख्या छापणाऱ्या तक्त्यावर विसंबू नये.