रमाकांत आचरेकर : मैदानी क्रीडाशिक्षणाच्या एका परंपरेचा विचार

क्रीडेच्या इतिहासाचे प्रमुख साधन म्हणजे धावफलक. कोण किती सामने खेळला, किती धावा काढल्या, किती बळी घेतले, यांची नोंद त्यात असते आणि इतिहासकार बहुधा तिच्याच आधारे खेळाडूंची थोरवी ठरवितो. परंतु ज्याची खेळाडू म्हणून झालेली नोंद अत्यल्प आणि शिक्षक म्हणून झालेले कार्य विपुल, अशा व्यक्तीचे मूल्यमापन या साधनाने कसे करावयाचे? रमाकांत विठ्ठल आचरेकर (१९३२–२०१९) यांच्या चरित्राने हा प्रश्न उपस्थित होतो. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये त्यांच्या नावावर अवघा एक सामना आहे. उलट त्यांच्या हाताखाली तयार झालेले अनेक खेळाडू भारताच्या कसोटी संघात गेले. या दोन गोष्टी परस्परविरोधी मानण्याची प्रथा आहे. वस्तुतः आचरेकरांची शिक्षणपद्धती त्यांच्या मर्यादित खेळाडूपणाच्या पार्श्वभूमीवर पाहिली, तरच तिचा उलगडा होतो.

आचरेकरांचा जन्म मालवणचा. मालवण तालुका त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला तो १ मे १९८१ रोजी. हा तपशील केवळ भूगोलाचा नाही. डोंगराळ जमीन, तुटपुंजी शेती आणि खोतीचा भार यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रत्नागिरी जिल्हा हा मुंबईच्या गिरण्यांना व गोदीला माणसे पुरविणारा प्रमुख जिल्हा झाला होता. घरटी एखादा तरी माणूस मुंबईस आणि त्याच्या मनीऑर्डरीवर गावाकडचा संसार, ही तेथील सर्वपरिचित व्यवस्था होती. कोकण रेल्वे पूर्ण झाली ती १९९८ मध्ये. तोवर मुंबईची वाट प्रथम आगबोटीची आणि नंतर एस.टी.ची. आचरेकरांचे क्रिकेट मुंबईत घडले. त्यामुळे त्यांच्या कारकिर्दीचा विचार करताना कोकणातून आलेल्या कुटुंबांची मुंबई, म्हणजे चाळी, गिरण्या, कचेऱ्या आणि दादर-परळची मैदाने, दृष्टीआड करता येत नाही.

त्यांच्या खेळास १९४३ मध्ये प्रारंभ झाला. १९४५ मध्ये ते न्यू हिंद स्पोर्ट्स क्लबकडून खेळू लागले. पुढे यंग महाराष्ट्र, गुल मोहर मिल्स, मुंबई पोर्ट आणि अखेरीस स्टेट बँक ऑफ इंडिया असे त्यांचे संघ झाले. क्लब, गिरणी, बंदर आणि बँक या क्रमात मुंबईच्या क्रिकेटची तत्कालीन आर्थिक रचनाच प्रतिबिंबित झालेली दिसते. धर्मवार संघांची पंचरंगी स्पर्धा १९४५–४६ नंतर बंद पडली; १९४८ पासून पावसाळ्यात कांगा लीग सुरू झाली; कचेऱ्यांच्या संघांत टाइम्स ढालीसाठी चुरस होती. खेळण्याबद्दल वेतन मिळत नसे, तथापि खेळामुळे नोकरी मिळे व टिकत असे. निम्न मध्यमवर्गीय तरुणास क्रिकेटवर चरितार्थ चालविण्याचा एवढाच मार्ग होता. अजित वाडेकरांसारखा पुढे भारताचा कर्णधार झालेला खेळाडूही स्टेट बँकेतच नोकरीस होता.

प्रथम श्रेणीचा तो एकमेव सामना आचरेकर १९६३–६४ च्या हंगामात मोईन-उद्-दौला स्पर्धेत, स्टेट बँकेकडून हैदराबादविरुद्ध खेळले. येथे दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. एक म्हणजे, त्या काळी या स्पर्धेस प्रथम श्रेणीचा दर्जा होता. पुढे तो राहिला नाही. म्हणजे आचरेकरांची अधिकृत नोंदीतील उपस्थिती एका प्रशासकीय निर्णयावर अवलंबून आहे. दुसरी म्हणजे, १९५८–५९ ते १९७२–७३ या पंधरा हंगामांत मुंबईने रणजी करंडक सलग जिंकला. अशा संघात प्रवेश मिळविणे किती दुर्घट असेल हे सांगावयास नको. आचरेकरांना मुंबईकडून खेळावयास मिळाले नाही याचे हेच एक कारण होते, असे ठामपणे म्हणता येणार नाही. परंतु मुंबईच्या मैदानांवर दुसऱ्या फळीतील जाणत्या खेळाडूंचा मोठा वर्ग तयार झाला होता आणि आचरेकर त्याच वर्गातले होते, हे निश्चित.

या वर्गाचे ज्ञान पुस्तकी नव्हते. ते सामन्यांतून आलेले होते. आचरेकरांच्या अध्यापनाचा पाया हाच. शिवाजी पार्कवर त्यांनी कामत मेमोरियल क्रिकेट क्लब स्थापन केला. दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराच्या संघाचेही ते शिक्षक होते. जाळीतील सराव त्यांनी गौण मानला नाही, परंतु खरी कसोटी सामन्यातच होते या धारणेने मुलांना शक्य तितके सामने खेळविण्यावर त्यांचा कटाक्ष होता. एका मैदानावरचा डाव संपला की मुलाला आपल्या स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर नेत आणि तेथे पुन्हा फलंदाजीस उभे करीत. एकाच मैदानात लगतच अनेक खेळपट्ट्या असण्याची मुंबईची जी विशिष्ट रचना आहे, तिचा हा शिक्षणार्थ केलेला उपयोग होय. यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवण्याची त्यांची रीत प्रसिद्धच आहे. फलंदाजास बाद करील त्या गोलंदाजाचे ते नाणे. फलंदाज नाबाद राहिला तर ते त्याचे. दमलेल्या मुलालाही अखेरच्या चेंडूपर्यंत एकाग्र ठेवण्याचा हा उपाय होता. प्रशंसेच्या बाबतीत ते कृपण होते; एकोणतीस वर्षांत सरांनी आपणास कधी 'छान खेळलास' असे म्हटले नाही, हे सचिन तेंडुलकर यांनी १६ नोव्हेंबर २०१३ रोजी निवृत्तीच्या भाषणात सांगितले.

याच काळात शासनाचेही प्रयत्न चालू होते. १९५३ मध्ये राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाची क्रीडाशिक्षण योजना निघाली आणि १९६१ मध्ये पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाली. या प्रवाहात प्रशिक्षक हा पदविका घेतलेला, नियुक्त अधिकारी असतो. मैदानी प्रवाहात तो नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ मैदानावर उभा राहणारा जुना खेळाडू असतो. पहिल्या प्रवाहाची कागदपत्रे जपली जातात. दुसऱ्याची साक्ष शिष्यांच्या आठवणींत आणि शालेय स्पर्धांच्या वृत्तांतांत शोधावी लागते, आणि इतिहासलेखनात त्याची उपेक्षा होण्याचे कारणही हेच.

त्या वृत्तांतांतील सर्वांत गाजलेला फेब्रुवारी १९८८ चा. आझाद मैदानावर हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या तेंडुलकर (नाबाद ३२६) व विनोद कांबळी (नाबाद ३४९) यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. पुढील वर्षी नोव्हेंबरात तेंडुलकर कसोटी खेळले आणि १९९० मध्ये आचरेकरांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. हा कालक्रम सूचक आहे. तत्पूर्वीच त्यांचे शिष्य बलविंदरसिंग संधू १९८३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होते आणि चंद्रकांत पंडित १९८६ मध्ये कसोटी खेळले होते. गुरूचे कार्य जुनेच होते. त्याकडे लक्ष गेले ते एका असामान्य शिष्यामुळे. पद्मश्री तर २०१० मध्ये मिळाली. या दृष्टीत एक धोका संभवतो. तेंडुलकरांसारखी प्रतिभा कोणाही शिक्षकाकडे चमकली असती, असा आक्षेप घेतला जातो आणि एका शिष्यापुरता तो खोडून काढता येत नाही. शिवाय त्याच शिस्तीतून गेलेल्या, परंतु पुढे न आलेल्या असंख्य मुलांची नोंद कोठेच नाही.

म्हणून आचरेकरांच्या कार्याचा पुरावा अन्यत्र शोधणे इष्ट ठरते. त्यांचे कित्येक शिष्य स्वतः प्रशिक्षक झाले. पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने २०१७–१८ व २०१८–१९ मध्ये, आणि मध्य प्रदेशाने २०२१–२२ मध्ये अंतिम सामन्यात खुद्द मुंबईस हरवून, रणजी करंडक जिंकला. दोन्ही संघांना तो पूर्वी कधीही मिळाला नव्हता. अफगाणिस्तानास २०१७ मध्ये कसोटी दर्जा मिळाला तेव्हा लालचंद राजपूत त्या संघाचे प्रशिक्षक होते. प्रवीण आमरे व रमेश पोवार हेही याच मार्गाने गेले. प्रतिभा जन्मजात असते असे मानले, तरी शिकविण्याची रीत एका पिढीकडून दुसरीकडे जावी लागते आणि ती गेल्याचे येथे दिसते. ६६४ धावांचा विक्रम २००६ मध्ये हैदराबादच्या दोन शाळकरी मुलांनी मोडला. धावफलकातील नोंद अशी मागे पडते. शिक्षकाची रीत मात्र शिष्यांच्या शिष्यांतही आढळते.

३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कवर आचरेकरांच्या स्मारकाचे अनावरण झाले. त्यामुळे त्यांच्या नावाची स्मृती सुरक्षित झाली, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु मुंबईच्या मैदानांवर त्यांच्याप्रमाणेच क्लब, गिरण्या व कचेऱ्या यांच्या संघांतून खेळलेल्या आणि पुढे मुलांना शिकवीत राहिलेल्या वर्गाचा इतिहास अद्याप व्हावयाचा आहे. गिरण्या बंद पडल्या, त्यांचे संघ मोडले आणि त्या संघांचे दप्तरही विखुरले. क्लबांच्या जुन्या वह्या, शाळांची वार्षिके आणि हयात खेळाडूंच्या आठवणी ही साधने वेळीच गोळा केली, तरच तो लिहिता येईल.